पहिली वेलांटी

नोटीस आली तेव्हा ती चारशे बारावी पट्टी कोरत होती.

पट्टी बोटभर रुंदीची, स्टीलची, मनगटावर बसणारी. वरच्या ओळीत ‘स्मृतिसाथ.सेवा’, खालच्या ओळीत क्रमांक. आपलं घर कुठलं हे ज्यांना आठवत नाही अशा म्हाताऱ्या माणसांसाठी ती होती. असं कुणी रस्त्यात सापडलं तर सापडणाऱ्याने फोनवर ते नाव टाकायचं, चौकटीत क्रमांक भरायचा, की घरच्यांचा नंबर समोर येई. सुरुवातीच्या पट्ट्यांवर तिने थेट फोन नंबरच कोरले होते. पण लोक नंबर बदलत. एका आजोबांसाठी तीन वेळा कुठल्याशा न्हाव्याला फोन गेला आणि तिसऱ्या वेळी न्हावी म्हणाला, “पाठवा इकडेच, निदान दाढी तरी करून देतो.” तेव्हा तिच्या संस्थेने ठरवलं, नंबर कोरायचा नाही, नाव कोरायचं. नंबर बदलतो, नाव बदलत नाही.

दुकान तिचं होतं. ट्रॉफ्या, दारावरच्या पाट्या, रबरी शिक्के. येणारेजाणारे तिला ताई म्हणत. संस्थेचं सगळं काम टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात चाले.

वेबसाइटची नावं देणाऱ्या निबंधकांच्या नोटिशीत लिहिलं होतं: ‘आपल्या नोंदणी प्रमाणपत्रावरील नाव “स्मृतीसाथ” असे असून आपण धारण केलेले नाव “स्मृतिसाथ” असे आहे. दोहोंत अक्षरशः साम्य नसल्याने नियम नऊनुसार आपण सदर नाव धारण करण्यास पात्र नाही. अक्षरशः साम्य असलेल्या अन्य संस्थेने नावावर हक्क सांगितला आहे. सुनावणी पंधरा दिवसांनी. तोवर नाव गोठवण्यात येत आहे.’

तिने फोन उचलून नाव टाकलं. पांढरं पान, मधोमध एक ओळ: ‘हे नाव वादात आहे.’

तिने यंत्र बंद केलं. तीनशेवर मनगटं अजून बाहेर फिरत होती आणि प्रत्येकावर तिच्या हाताने कोरलेलं त्याच पानाचं नाव होतं.

पहिला फोन तिने मावसभावाला केला. संस्थेचं पान त्यानेच बांधून दिलं होतं, दरवर्षी नूतनीकरणही तोच करायचा.

“अरे, निबंधकांच्या कचेरीतून नोटीस आलीये. नाव गोठवलं म्हणतात.”

“अगं ताई, ती पहिली-दुसरी वेलांटीची भानगड असणार. होईल काहीतरी. घाबरू नकोस.”

तिने नोटीस पुन्हा समोर धरली. “वेलांटीचं मी अजून बोललेच नाही.”

“अं... मला दिसतं ना इकडे. तांत्रिक संपर्क म्हणून माझं नाव आहे.”

“मग मला आधी का नाही कळवलंस?”

“आत्ताच बघतोय गं. आणि ऐक, त्या लोकांशी बोलून बघ. मोठी संस्था असेल तर यादी चांगली सांभाळतील. तू तरी किती दिवस एकटी ओढणार?”

“कुठल्या लोकांशी?”

“जे कोण असतील ते,” तो म्हणाला आणि मीटिंग आहे म्हणून फोन ठेवून दिला.

*

वेलांटीची गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची.

तिची आई तेव्हा विसरू लागली होती. तशाच सहा घरांनी मिळून संस्था काढली. नाव वडिलांनी दिलं. वडील छापखान्यात मुद्रितशोधक होते. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका तांबड्या शाईने पकडून त्यांची मान कायमची डावीकडे कलली होती. छापखान्यात त्यांना वेलांटीमास्तर म्हणत, काही प्रेमाने, बरेचसे वैतागून.

प्रमाणपत्र आलं ते ‘स्मृतीसाथ’ या नावाचं. नोंदणी कचेरीतल्या कुणीतरी दुसरी वेलांटी देऊन टाकली होती. वडिलांनी जेवण अर्धवट सोडलं.

“स्मृती एकटी असली की दुसरी,” ते म्हणाले. “जोडीला कुणी आलं की पहिली. चौथीतल्या पोराला कळतं. ह्यांना पगार कशाचा देतात?”

त्यांनी प्रमाणपत्रावरच तांबडं वर्तुळ काढलं, समासात ‘ऱ्ह.’, म्हणजे ऱ्हस्व, असं लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन कचेरीत गेले. परत आले ते तोच कागद घेऊन. “कळवतो म्हणालेत,” म्हणाले. कुणी काही कळवलं नाही. नाव मात्र त्यांनी पहिल्या वेलांटीनेच घेतलं. चुकीचं नाव माझ्या बायकोच्या हातावर जाणार नाही, हे त्यांचं वाक्य.

आईच्या मनगटावर क्रमांक एक होता. ती पाच वर्षांपूर्वी गेली. क्रमांक दोनशे नव्वद आता वडिलांच्या मनगटावर आहे.

वेबसाइटच्या नावाला ‘सेवा’ हा शेवट कुणालाही मिळत नाही. नोंदणीकृत सेवाभावी संस्थेलाच, आणि तोही प्रमाणपत्रावरच्या नावाचाच. नियम करण्यामागचं कारण सरळ होतं: दुसऱ्याच्या नावासारखं नाव घेऊन कुणी देणग्या उकळू नयेत. अकरा वर्षांपूर्वी अर्ज माणूस तपासायचा आणि वेलांटी त्याच्या नजरेतून सुटली, किंवा बरोबर नाव बघून त्याला काही खटकलं नाही. आता यंत्र तपासतं. यंत्राला पहिली आणि दुसरी ही दोन वेगळी अक्षरं दिसतात. बरोबर कुठलं ते त्याला विचारलेलं नाही.

*

सहाव्या दिवशी क्रमांक सत्त्याऐंशीच्या मुलाचा फोन आला. तो बस डेपोत मेकॅनिक होता. आवाज चढलेलाच होता.

“ताई, माझी आई नऊ तास तिकीटघरात बसून होती. नऊ तास!”

“सापडल्या ना? कशा आहेत?”

“सापडली, आमची आम्हालाच. एका बाईंनी तिच्या हातावरचं वाचलं, फोनवर टाकलं. काय आलं माहितीये? नाव वादात आहे! बाईंना वाटलं, म्हातारीच्या इस्टेटीवरून घरात भांडण असेल, आपण कशाला मधे पडा. पाण्याची बाटली देऊन निघून गेल्या. बिचाऱ्यांचं तरी काय चुकलं? आईचे कपडे ओले झालेले. कुणी हात लावायला गेलं की किंचाळत होती.”

तिने यादीतलं सत्त्याऐंशीचं पान उघडलं.

“तुम्ही म्हणाला होतात, नंबर बदलतो, नाव बदलत नाही. मी बहिणीलाही हेच सांगून सासऱ्यांची पट्टी करून घेतली. आता कोणत्या तोंडाने सांगू?”

“दहा दिवसांत सुटेल.”

“दहा दिवस आईला बांधून ठेवू?” त्याने फोन आपटला.

तिला त्याचा राग आला नाही. राग होता तो नाव हिसकावू पाहणाऱ्याचा, फक्त त्याचं तोंड अजून दिसत नव्हतं. त्या तीनशेवर घरांना फोन करून तिने सांगितलं, खिशात चिठ्ठी ठेवा, पदराला शिवा, कॉलरच्या आत लिहा. दोन दिवस गेले. घसा बसला.

*

दहाव्या दिवशी ती निबंधकांच्या कचेरीत फाइल बघायला गेली. तिसऱ्या मजल्यावर, जिन्याशेजारी, ‘पात्रता कक्ष’. आत एकच टेबल, दोन खुर्च्या आणि पाणी नसलेला पाण्याचा डबा. तपासनीस पन्नाशीचे, स्वच्छ शर्टाचे. बोलणं सौम्य, आणि तेच जास्त चीड आणणारं.

“दुसरी संस्था कुठली आहे?” तिने विचारलं.

“‘स्मृतिसाथ’. पहिल्या वेलांटीची. नोंदणी पाच आठवड्यांपूर्वीची. कागद अगदी चोख आहेत.”

“पाच आठवड्यांची संस्था, आणि तिला माझं अकरा वर्षांचं नाव हवंय. हे तुम्हाला विचित्र वाटत नाही?”

“बाई, आम्ही पात्रता तपासतो. दानत तपासायची सोय नियमात नाही.”

“आणि म्हातारी माणसं रस्त्यावर बसतात त्याची सोय?”

“वाईट वाटतं,” ते म्हणाले. आणि त्यांना खरोखरच वाटत असावं, कारण त्यांनी फाइल तिच्याकडे सरकवली आणि खिडकीकडे बघत राहिले.

नव्या संस्थेचा पत्ता तिने ओळखला. आठ वृद्धनिवास चालवणाऱ्या एका कंपनीचं ते मुख्य कार्यालय होतं. तिच्या दुकानातून गेल्या वर्षी त्यांच्या दारावरची पितळी पाटी गेली होती. तिने पान उलटलं. हरकतीला पुरावा म्हणून जोडलेला कागद समोर आला.

तिच्याच संस्थेचं प्रमाणपत्र. रंगीत प्रत. दुसऱ्या वेलांटीभोवती तांबडं वर्तुळ, समासात वडिलांच्या अक्षरातलं ‘ऱ्ह.’

असा कागद जगात एकच होता. चार महिन्यांपूर्वी नूतनीकरणासाठी मूळ प्रत लागते म्हणून मावसभाऊ घेऊन गेला होता. तीनदा मागितल्यावर “ठेवलाय कुठेतरी, देतो” म्हणाला होता.

तिने कागद खाली ठेवला. दोन्ही तळवे टेबलावर टेकून तिने कागदावरच नजर ठेवली. खालच्या कोपऱ्यात एक फिकट जांभळा डाग होता. अकरा वर्षं ती त्याला शाईचा डाग समजत आली होती. ती वाकली. डागाला कड होती. कड गोल होती. तिने पर्समधून भिंग काढलं.

हजारो शिक्के तिने केले होते. शिक्का अर्धा उठला तरी त्याची कमान तिला लपत नाही.

“मला ह्या पानाची प्रत मिळेल?” तिने विचारलं.

“अर्ज करावा लागेल.”

“करते. आणि नियमांचं पुस्तक. पूर्ण.”

*

मावसभावाच्या ऑफिसात ती न कळवता गेली. काचेचं दार, संगणकाचे दोन मोठे पडदे, कॉफीचं यंत्र. तो उठून उभा राहिला.

“अगं ताई! ये ना, बस. कळवायचं तरी.”

तिने प्रत त्याच्यासमोर ठेवली. “हे तांबडं वर्तुळ कुणाचं आहे?”

त्याने बघितलं आणि खुर्चीत बसला. मग भरभर बोलायला लागला.

“हे बघ, मी चोरी नाही केली. नूतनीकरण करताना चूक माझ्या लक्षात आली. आज ना उद्या कुणाच्याही आली असती. त्यांच्या आठही निवासांचं काम माझ्याकडे आहे. ते म्हणाले, नाव नियमात बसवून घेऊ. सगळं नियमात आहे, ताई. एकही कागद खोटा नाही.”

“चूक लक्षात आली, तर मला सांगायची की गिऱ्हाइकाला?”

“तुला सांगून काय झालं असतं? दुरुस्तीला तीन महिने लागतात.”

“तू कागद नेलास त्याला चार महिने झाले.”

त्याने मान खाली घातली, लगेच वर केली. “तुझ्यानंतर कोण बघणार आहे हे सगळं? एका टेबलाच्या कोपऱ्यात चालणारी संस्था! ते यादी सांभाळतील. फोन घरी जाणारच आहे. फक्त आधी त्यांच्याकडे जाईल.”

“आधी त्यांच्याकडे,” ती म्हणाली. “आई हरवलेल्या माणसाला पहिला फोन त्यांचा. आई सुखरूप आहे, आमच्याकडे खोली रिकामी आहे, सही करा. त्या क्षणी माणूस कशावरही सही करतो.”

“तू प्रत्येकात वाईटच बघतेस.”

“कॉलेजची तीन वर्षं तू आमच्याकडे जेवलास. शेवटी शेवटी आई तुला दोन-दोनदा वाढायची, एकदा वाढलंय हे विसरून. तू हसून खायचास. मला वाटायचं, पोरगा समजूतदार आहे.” ती दाराकडे वळली. “मूळ प्रत दे.”

“वकिलांकडे आहे.”

“असू दे. तिची गरज तुझ्यापेक्षा मलाच जास्त आहे, हे त्यांना अजून कळलेलं नाही.”

*

सुनावणीला ती वडिलांना घेऊन गेली. घरी कुणी नव्हतं, आणि आता त्यांना एकटं सोडायची तिची हिंमत नव्हती. ते भिंतीशी बाकावर बसले आणि तिथलं माहितीपत्रक वाचू लागले. वृद्धनिवासांचे व्यवस्थापक समोर बसले. त्यांनी वडिलांना अदबीने नमस्कार केला आणि त्यांच्या मनगटाकडे बघितलं, दुकानातल्या मालाकडे बघावं तसं.

“आम्हीही शेवटी वृद्धांचीच सेवा करतो,” ते तपासनीसांना म्हणाले. “ताईंचं काम मोठं आहे, आदर आहे. पण नियम म्हणजे नियम.”

“बरोबर,” ती म्हणाली. “नियमच वाचू. नऊ-क. ‘प्रमाणपत्रातील चूक दुरुस्त करण्याचा अर्ज सक्षम कचेरीत दाखल झालेला असल्यास, दाखल तारखेपासून दुरुस्त रूप ग्राह्य धरावे.’”

तपासनीसांनी पान शोधलं, वाचलं, मान डोलावली. “अर्ज दाखल केल्याचा पुरावा?”

“ह्यांनीच जोडलाय.” तिने भिंग टेबलावर ठेवलं. “हरकतीचा पुरावा क्रमांक तीन. खालचा डावा कोपरा.”

व्यवस्थापक हसले. “तो डाग आहे, ताई.”

“मी शिक्के करते. हा गोल शिक्का आहे, अर्धा उठलेला. वरच्या कमानीत ‘आवक’ मधला ‘वक’ दिसतो. मधे तारीख आहे, प्रमाणपत्राच्या दुसऱ्या दिवसाची. बाजूला हाताने क्रमांक टाकलाय, सहाशे चौदा. माझ्या वडिलांनी चूक दाखवून हाच कागद परत नेला होता. नोंदणी कचेरीने शिक्का मारला आणि कागद परत हातात दिला. अकरा वर्षांत एक वेलांटी फिरवली नाही.”

तपासनीसांनी भिंग डोळ्याला लावलं. बराच वेळ लावून ठेवलं. मग संगणकाकडे वळून नोंदणी कचेरीची जुनी आवक वही उघडली. तारीख टाकली, क्रमांक टाकला. खोलीत बोटांचा आवाज तेवढा.

“आहे,” ते हळू म्हणाले. “सहाशे चौदा. नावातील शुद्धलेखन दुरुस्ती. शेरा: प्रलंबित.”

“मला आक्षेप आहे,” व्यवस्थापक म्हणाले. आवाजातला आदर संपला होता.

“कशाला? एकही कागद खोटा नाही,” ती म्हणाली. “तुमच्याच माणसाचं वाक्य आहे. साहेब, माझा तांत्रिक संपर्क आणि ह्यांचा माणूस एकच आहे. माझा कागद माझ्याकडून नेऊन त्याने ह्यांना दिला. ह्याला तुमच्या नियमात काय म्हणतात?”

तपासनीसांनी नियमांचं पुस्तक मिटलं.

“काहीच म्हणत नाहीत. मी सेहेचाळीस पानं वाचली. वेलांटी चुकली तर नाव जातं. माणूस फिरला तर काही होत नाही. क्रमांक सत्त्याऐंशी नऊ तास ओल्या कपड्यांत बसली होती. ते कुठल्या कलमात टाकू?”

बाकावरून वडिलांचा आवाज आला. “‘निश्चीत’ नव्हे. ‘निश्चित’. पहिली.” त्यांनी माहितीपत्रक वर धरलं होतं. “कंपोझिटर कुठे गेला?”



*

आदेश दोन दिवसांनी आला. नाव संस्थेकडेच राहील, गोठवणं रद्द, हरकत फेटाळली. सही, शिक्का. पान त्याच दुपारी सुरू झालं. तिने पहिला फोन बस डेपोतल्या मेकॅनिकला केला. “बरं,” एवढंच तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, “आई आता हात लावू देते.”

तांत्रिक संपर्कात तिने मावसभावाच्या जागी स्वतःचं नाव भरलं. त्याचा निरोप आला: ‘ताई, झालं ना तुझ्या मनासारखं. आता राग सोड. आई विचारत होती, कधी येतेस.’ तिने उत्तर दिलं नाही. मावशीला वेगळा फोन केला, तब्येत विचारली, आणि तिच्या मुलाबद्दल एक शब्द काढला नाही. ते तिला आदेश मिळवण्यापेक्षा जड गेलं.

आदेशाचा कागद तिने वडिलांच्या हातात दिला, निव्वळ सवयीने. ते हल्ली तिला कधी कंपोझिटर समजत, कधी शेजारची. कागद मात्र त्यांनी नीट धरला, मान डावीकडे कलवली आणि बोट ओळींवरून फिरवत नेलं. तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं. त्यांनी खिसा चाचपला. तिने तांबडं पेन पुढे केलं.

त्यांनी वर्तुळ काढलं आणि समासात लिहिलं, ‘ऱ्ह.’

‘सदर आदेशान्वये “स्मृतीसाथ” हे नाव...’

तिने एकदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचायची गरज नव्हती. आणखी पाच वर्षांनी कुणीतरी हाच कागद पुरावा म्हणून जोडेल. वडिलांना चपला घालायला लावून ती तशीच निघाली.

कचेरी बंद व्हायला चाळीस मिनिटं होती. तपासनीस टेबल आवरत होते. तिने कागद समोर ठेवला. त्यांनी वर्तुळ बघितलं आणि डोळे मिटले.

“टंकलेखकाची चूक आहे. अर्ज देऊन जा. कळवतो.”

“नाही.”

“बाई, आज आता...”

“अकरा वर्षांपूर्वी ह्यांना ‘कळवतो’ म्हणूनच परत पाठवलं होतं.” तिने खुर्ची ओढून वडिलांना बसवलं. स्वतः उभी राहिली. “आत्ता दुरुस्त करा. माझ्यासमोर. ह्या कागदावर आवक मारा, पूर्ण उठेल असा, आणि नवा आदेश द्या. तोवर आम्ही हलत नाही.”

“कुलूप लावायची वेळ झाली की?”

“तर आम्हाला आत ठेवून लावा.”

तपासनीसांनी तिच्याकडे बघितलं, मग वडिलांकडे. वडिलांच्या हातात तांबडं पेन अजून होतं, टोपण काढलेलं. तपासनीस खाली बसले, संगणक चालू केला, आदेश उघडला आणि तिसऱ्या ओळीवर गेले.

“पहिली ना?” त्यांनी विचारलं.

“पहिली,” वडील म्हणाले. “जोडीला कुणी असलं की पहिली.”

छापील कागद यंत्रातून बाहेर येईपर्यंत ती टेबलाला रेलली नाही. मग तो उचलून तिने भिंग काढलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.